‘विदागार’ म्हटलं की इंदूरात लोक रुमाल काढतात

रामबागेतला: मंडळाच्या वाचनालयाची पुस्तकं पोस्टग्रेसवर, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चढवतोय. कार्यकर्त्यांसाठी टिपण केलं. पहिलाच हुकूम ‘क्रिएट डेटाबेस’, त्याचं मी ‘नवे विदागार निर्माण करा’ केलं. सभेत वाचलं, तर मागून एक काकू म्हणाल्या, “अहो, कुणाची बिदाई आहे?” काय लिहू?

शब्दवेल्हाळ: डेटाबेसच लिहा. बँकेत पासबुकच मागता ना?

निवृत्त_मास्तर: म्हणून सगळंच सोडायचं? विदा हा ‘विद्’, म्हणजे जाणणे, यावरून केलेला शब्द. काकूंना हिंदी ऐकू येतं यात शब्दाचा काय दोष?

रामबागेतला: मास्तर, इंदूरात सगळ्यांनाच आधी हिंदी ऐकू येतं.

पोहेजिलबी: दप्तर म्हणा की. पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधलेले असत. दप्तर म्हणजे डेटाबेस, रुमाल म्हणजे त्यातलं टेबल, माहितीचा तक्ता. झालं!

शब्दवेल्हाळ: मराठीत दप्तर पोराच्या पाठीवर असतं, हिंदीत दफ्तरला साहेब जातात. तुमचं नक्की कुठलं?

निवृत्त_मास्तर: शिवाय फारसी. महाराजांनी राज्यव्यवहारकोश उगाच करवला का?

पोहेजिलबी: करवला, तरी पेशवाईतले कारकून दप्तरच म्हणत राहिले ना! आणि फारसीतसुद्धा ते ग्रीकांकडून आलंय. ‘दिफ्थेरा’, म्हणजे कातडं.

रात्रपाळी: मला ‘निर्माण’ खटकतं. पोस्टग्रेस शून्यातून काही घडवत नाही. टेम्प्लेट१ नावाचा तयार डेटाबेस असतो, त्याची नक्कल काढतो. टेम्प्लेट१मध्ये आधीच एखादं टेबल करून ठेवा, पुढच्या प्रत्येक नव्या डेटाबेसात ते आयतं येतं.

उंबरठा: म्हणजे विरजणच की! आमच्याकडे अजून आजीच्या विरजणाचं दही लागतं.

रात्रपाळी: ताई, विरजणाने दूध बदलतं, इथे हुबेहूब प्रत निघते.

उंबरठा: दही आईकडच्यासारखंच लागतं हो, हुबेहूब.

शब्दवेल्हाळ: खातं उघडतो तसा डेटाबेस उघडा. संपला विषय.

रात्रपाळी: नामाचं मात्र बघा. मायएसक्यूएल या पोस्टग्रेससारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘क्रिएट स्कीमा’ आणि ‘क्रिएट डेटाबेस’ एकच. पोस्टग्रेसमध्ये स्कीमा हा डेटाबेसच्या आतला कप्पा. एका शब्दात दोघांना बसवू नका.

रामबागेतला: काल ‘नवा डेटाबेस उघडा’ असं छापून वाटलं. नवा कुठे दिसेना, म्हणून तिघांनी यादीतला टेम्प्लेट१ उघडला आणि तिथेच बसून राहिले. मी हुकूम दिला तर उत्तर आलं: दुसरे लोक तो वापरताहेत. तिघांना उठवलं, तेव्हा चाललं.

निवृत्त_मास्तर: पाहिलंत? ‘निर्माण’ लिहिलं असतं तर कुणी काही उघडलं नसतं.

उंबरठा: आपण इथे धागा काढतो, बँकेत खातंही काढतो. मग डेटाबेस काढला तर काय बिघडतं? आणि ते विरजणाचं राहिलंच. इंदूरात मराठी घरांतही ‘जामन’ म्हणतात, ते कधीपासून?