मदत हवी आहे: गाडी अचानक ओढेनाशी झाली, रविवारी पहाटे निघायचंय

घाटवाट
गेल्या आठवड्यापर्यंत गाडी मस्त चालत होती, आता ओढतच नाही. प्लग काढून साफ केला, फरक शून्य. रविवारी पहाटे कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला जायचंय, डबल सीट आणि सामान. गॅरेजवाला सोमवारशिवाय हात लावणार नाही. काय असेल? 'मेकॅनिकला दाखवा' सोडून काहीही सांगा.

तेलकट_हात
कोणती गाडी, कुठलं मॉडेल? आणि 'ओढत नाही' म्हणजे नक्की काय? इंजिनचा आवाज चढतो पण गाडी पळत नाही, की आवाजच चढत नाही? हे दोन उलटे रोग आहेत.

सायलेन्सर७७
ई२० पेट्रोल. दुसरं काही नाही. मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) एक नंबर मोठा टाका, विषय संपला.

तेलकट_हात
गाडीला कार्ब्युरेटर आहे की इंजेक्शन हे कळायच्या आधीच जेट?

घाटवाट
स्प्लेंडर प्लस हो, २०१८ ची. कार्ब्युरेटरच आहे. बाकी सगळं ओके आहे, नुकतीच सर्व्हिस झालीय.

पान्हा_सतरा
सर्व्हिस कोणी केली? काय काय केलं?

घाटवाट
मीच केली. नेहमीचंच. ऑइल बदललं, चेन टाइट केली, एअर फिल्टर पेट्रोलने धुतला.

पान्हा_सतरा
मग मागचा ब्रेक धरतोय, लिहून घ्या. चेन टाइट करताना चाक मागे सरकतं, पण ब्रेकचा रॉड तेवढाच राहतो. तो ड्रमवरच्या आर्मला ओढतो आणि लायनर ड्रमला घासत राहतात. घरी चेन ओढणाऱ्या दहातले आठ जण रॉडचा नट सैल करायला विसरतात. मेन स्टँडवर लावा, न्यूट्रलमध्ये चाक हाताने फिरवा. दोन-तीन फेरे मोकळे फिरायला हवं. पेडलचा प्ले २ ते ३ सेंमी ठेवा. ब्रेक लाइटचा स्विचही त्याच वेळी बघा, नाहीतर लाइट दिवसभर पेटलेला राहतो आणि मागचे लोक शिव्या घालतात.

चेनही बघून घ्या. कव्हरवरचं रबरी बूच काढलं की आत बोटाने दाबता येते. वर-खाली मिळून २ ते ३ सेंमी हलली पाहिजे, आणि चाक फिरवत चार ठिकाणी बघायची. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. सैल जागेवर मापून टाइट केली की घट्ट जागा आली की बेअरिंगचे हाल.

जुना_फोरस्ट्रोक
ब्रेक राहू दे, फिल्टर पेट्रोलने धुतला हे कोणी वाचलं का? या मॉडेलला कागदाचा व्हिस्कस फिल्टर येतो. त्याला मुळातच तेलाचा हात दिलेला असतो, धूळ त्यालाच चिकटते. पेट्रोलने ते तेल गेलं, आणि कागद लगदा झाला तर हवाच जात नाही. धुवायचा नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही, सरळ नवा टाकायचा. धुवायचा असतो तो स्पंजचा.

चेनवाला
चेनला स्प्रे मारत असाल तर थांबा. ही साधी चेन आहे, ओ-रिंगची नाही. रॉकेलने धुवायची, पुसायची, ९० नंबरचं गिअर ऑइल लावायचं, अर्ध्या तासाने वरचं पुसून काढायचं. दर ५०० किमीला.

तेलकट_हात
चेनच्या तेलाचं कोणी विचारलेलं नाही.

घाटवाट, मी विचारलं ते अजून तसंच आहे. ब्रेक धरला किंवा फिल्टर चोंदला तर इंजिन कण्हतं, आवाज दबतो. क्लच घसरत असेल तर आवाज भसकन चढतो आणि स्पीडचा काटा जागेवर राहतो. सपाट मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये ३५-४० ला या आणि एकदम मूठ पिळा. मग सांगा.

घाटवाट
आत्ताच बघून आलो. मागचं चाक मोकळं फिरतंय. मूठ पिळली की आवाज दुप्पट होतो, स्पीड तोच. क्लच केबल ताणली असेल का?

तेलकट_हात
लिव्हरच्या टोकाला प्ले मोजा, १० ते २० मिमी हवा. शून्य असेल तर क्लचच्या प्लेटा पूर्ण दाबल्याच जात नाहीत.

घाटवाट
पट्टी लावली, १५ आहे.

तेलकट_हात
मग ऑइल. डब्यावर काय छापलंय ते अक्षरन् अक्षर टंका.

घाटवाट
ऑइलचा प्रश्नच नाही, भारीतलं आहे. फुल्ली सिंथेटिक ५डब्ल्यू-३०. मागे गोल शिक्का, त्यात खाली 'रिसोर्स कन्झर्व्हिंग'. भावाच्या कारचं एक लिटर उरलं होतं.

तेलकट_हात
सापडलं.

कारचा क्लच कोरडा, ऑइलच्या बाहेर. आपल्या गाडीत इंजिन, गिअर आणि क्लच तिघं एकाच ऑइलमध्ये बुडालेले. तुमच्या शिक्क्याच्या ऑइलमध्ये मायलेज वाढावं म्हणून घर्षण कमी करणारे घटक घालतात. कारला ते बरं, पण क्लचच्या प्लेटा घर्षणावरच चालतात. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' (बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) असं हवं. 'एमबी' उचलू नका, ते स्कूटरचं.

आणि किती ओतलं?

घाटवाट
सगळं. एक लिटर.

पान्हा_सतरा
अरे देवा. नुसतं ड्रेन केल्यावर या इंजिनात लिटरपेक्षा कमी मावतं. ब्रीदरमधून (इंजिनची वाफ सोडणारी नळी) जास्तीचं ऑइल एअर फिल्टरच्या डब्यात गेलं असणार, तोही उघडून पुसा.

सायलेन्सर७७
अर्धा लिटर डिझेल घाला, पाच मिनिटं चालू ठेवा, काढा. सगळं धुऊन निघतं.

तेलकट_हात
अजिबात नको. डिझेलमध्ये बेअरिंगवर थर टिकत नाही, आणि सगळं काही खाली गळत नाही, उरलेलं नवं ऑइल पातळ करतं. धुवायचं ते ऑइलनेच.

इंजिन पाच मिनिटं गरम करा. १७ च्या पान्ह्याने ड्रेन बोल्ट काढा, गाडी सरळ उभी करून दहा मिनिटं निथळू द्या. वायसर नवा. बोल्ट आधी हाताने बसवायचा, मग पान्ह्याने बेताने. क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच) अॅल्युमिनियमची आहे, अंगाचा जोर लावला की आटे जातात. १०डब्ल्यू-३० एमए टाका. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढंच थांबा आणि मेन स्टँडवर लेव्हल बघा. ऑइल मोजायची काडी नुसती टेकवायची, आटे फिरवून आत घालायची नाही. घातली तर लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

तरी दीड-दोनशे मिली जुनं आत राहतंच. म्हणून १०० किमी चालवून पुन्हा बदला.

जुना_फोरस्ट्रोक
ऑइल फिल्टरही बदला.

पान्हा_सतरा
या इंजिनला बदलायचा ऑइल फिल्टर नाहीच. उजव्या कव्हरच्या आत जाळी आणि सेंट्रिफ्यूगल (गरगर फिरून गाळ वेगळा काढणारा) फिल्टर असतो, तो साफ करतात. कव्हर उघडल्याशिवाय हात पोचत नाही.

माल_ट्रकवाला
ट्रकचं १५डब्ल्यू-४० टाका. त्यात ते घटक नसतात, क्लच घसरत नाही आणि स्वस्त पडतं.

तेलकट_हात
क्लच कदाचित घसरणार नाही, पण कंपनीने १०डब्ल्यू-३० सांगितलंय. थंड इंजिनला जाड तेल कशाला? दीडशे रुपयांसाठी दुसरा प्रयोग नको.

घाटवाट
आज रात्री दोनदा बदललं तर रविवारी जमेल?

तेलकट_हात
दोन बदलांच्या मध्ये गाडी चालली पाहिजे, नाहीतर प्लेटांमधलं जुनं निघत नाही. आज बदला, उद्या १०० किमी फिरवा, संध्याकाळी परत बदला आणि तीच मूठ पिळायची टेस्ट करा. तरी घसरली तर प्लेटा गेल्या. नव्या टाकाल तेव्हा आधी ऑइलमध्ये भिजवून बसवायच्या. जाताना घाट उतरायचाय, तेव्हा काही कळणार नाही. येताना घाटाच्या पायथ्याशी पोफळीपासून डबल सीट चढ लागेल, तिथे खरं कळेल.

घाटवाट
शनिवार रात्र. दोनदा बदललं. ४० ला मूठ पिळली, काटा आवाजाबरोबर चढला. फिल्टर नवा टाकला. जुना धुवून वाळत घातला होता, तो कडक पापडासारखा झालाय. एक राहिलं, काढलेलं ऑइल भावाच्या कारला चालेल का? फार चाललेलं नाही.

पान्हा_सतरा
नाही.

चेनवाला
चेनला लावा.

तेलकट_हात
चेनलाही नको.