‘गॉन डुलाली’ : यातली देवळाली नेमकी कोणती?

प्रश्न : एका ब्रिटिश मालिकेत ‘ही हॅज गॉन डुलाली’ असं वाक्य ऐकलं. ‘याचं डोकं फिरलंय’ असा अर्थ लागला. हा शब्द आपल्या देवळालीवरून आला आणि तिथे गोऱ्या सैनिकांसाठी वेड्यांचं इस्पितळ होतं, असं एकांनी सांगितलं. खरं का?

उत्तर : देवळाली खरी, आपली नाशिकजवळची. वेड्यांच्या इस्पितळाची मात्र गरज नाही. आपण ‘याला येरवड्याला पाठवा’, ‘ठाण्याला भरती करा’ म्हणतो, कारण तिथे मनोरुग्णालयं आहेत. म्हणून देवळालीबद्दलही तसंच वाटतं. पण या वाक्प्रचाराचं मूळ आजारात कमी आणि वाट बघण्यात जास्त आहे.

1861 मध्ये देवळालीला ब्रिटिश लष्कराची छावणी झाली. मुंबईला उतरलेले नवे सैनिक आधी इथे यायचे आणि नोकरीची मुदत संपलेले जुने सैनिक मायदेशी जाणाऱ्या बोटीसाठी इथेच थांबायचे. सैनिकांना नेणाऱ्या बोटी साधारण हिवाळ्यातच सुटायच्या. एखाद्याची मुदत हंगाम संपल्यावर भरली, तर पुढच्या हंगामापर्यंत तो तिथेच अडकला.

या मुक्कामाबद्दल फ्रँक रिचर्ड्स या साध्या शिपायाने 1936 साली आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो हिंदुस्थानात होता. मुदत संपलेल्यांकडे ना हत्यार, ना सरंजाम. अधूनमधून सामानाची तपासणी आणि क्वचित एखादी लांबची कूच, एवढंच काम. बाकी दिवस जाता जात नसे. इतकी वर्षं ज्यांच्या नावावर ठपका नव्हता, असे लोक घरी जायच्या तोंडावर काहीतरी भलतं करून बसत आणि आधी तुरुंगवास भोगत. कुणी विचित्र वागायला लागला की बाकीचे म्हणत, ‘याला डुलाली टॅप झालाय.’ ही म्हण छावणीतल्या त्या कंटाळ्यातून निघाली असावी, असं रिचर्ड्सचं मत. मला ते पटतं, कारण तिथल्या माणसांत वावरलेल्या माणसाचं ते मत आहे.

आता यातला ‘टॅप’ बघा. तो इंग्रजी टॅप नव्हेच, तो आपला ताप! म्हणजे ‘डुलाली टॅप’ हा सरळसरळ ‘देवळालीचा ताप’. आपणही ‘डोक्याला ताप’ म्हणतो, तेव्हा थर्मामीटर कुठे लावतो? सैनिकांच्या बोलण्यात हिंदुस्थानी शब्दांची अशी सरमिसळ रोजची होती. ‘विलायती’चं त्यांनी ‘ब्लायटी’ केलं, म्हणजे मायदेश. पहिल्या महायुद्धात जीव न घेता घरी पाठवण्याइतकी मोठी जखम झाली की तिला ‘अ ब्लायटी वन’ म्हणत. देवळालीतला ‘ळ’ त्यांच्या जिभेला पेलणारा नव्हताच. पुढे शेपटी गळली, ताप गेला आणि नुसतं ‘डुलाली’ उरलं.

प्रश्न : मग ‘पॉश’ची गोष्टही अशीच खरी असेल ना दादा? मुंबईच्या बोटीत येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची केबिन सावलीत, म्हणून श्रीमंतांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं छापत, असं वाचलंय.

उत्तर : नाही ताई, ती गोष्ट सोडून द्या. अशी आद्याक्षरं छापलेलं एकही तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही. शिवाय आद्याक्षरं जोडून बोलीतला शब्द घडवायची रीत त्या काळी फारशी नव्हती. कुठल्याही जुन्या इंग्रजी शब्दाची फोड आद्याक्षरांनी केलेली दिसली की मी आधी संशय घेतो.

‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’चंही तेच. यातला ‘डॅम’ म्हणजे मोगली ‘दाम’ हे नाणं, असा तर्क 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशातही मांडलाय. आपल्याकडे ‘दमडीची किंमत देत नाही’ असल्यामुळे मराठी माणसाला तो लगेच पटतो. पण ऑक्सफर्डचा कोश तो मानत नाही. इंग्रजीत ‘डोन्ट केअर अ कर्स’ असंही म्हणत, म्हणजे हा शापच. अर्थ नुसता जुळला म्हणून नातं सिद्ध होत नाही. देवळालीच्या बाबतीत जागा आहे, बोटींचं वेळापत्रक आहे आणि बोलणाऱ्या माणसांनी लिहून ठेवलेलं आहे.

वापराचं विचाराल तर ‘गॉन डुलाली’ घरगुती आणि मुख्यतः ब्रिटनमधलं. खरोखर मानसिक आजार असलेल्या माणसाबद्दल ते वापरू नये, लागट होतं. मराठी करताना ‘वेड लागलंय’ जड वाटतं. ‘चळ लागलाय’ किंवा ‘डोकं फिरलंय’ बरोबर बसेल. वस्तूबद्दलही म्हणतात : ‘द प्रिंटर्स गॉन डुलाली.’ तिथे मात्र चळ चालणार नाही, ‘प्रिंटर येड्यासारखा करतोय’ असंच म्हणावं लागेल.