बोटॉक्सचा एकच राउंड झालाय, सोडू नका

ताई, तुम्ही लिहिलंय आईला मायग्रेनसाठी बोटॉक्सचा एक राउंड झाला तरी डोकं उठतंच, पैसे वाया गेले, आता पुढचा घ्यायचाच नाही. एवढ्यात नका ना सोडू. माझी मोठी बहीण नागपुरात धंतोलीत न्यूरोलॉजिस्टकडे हेच घेते, कपाळ, भुवयांच्या मध्ये, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान, खांदे अशा 31 जागी बारीक सुईने थोडं थोडं टोचतात, एकूण 155 युनिट, दर 12 आठवड्यांनी, आणि तिलाही खरा फरक दुसऱ्या राउंडनंतरच पडला, पुष्कळांचं तसंच होतं. नंतर मान आखडते, कधी पापणी जड होते, ते हळूहळू जातं.

उठलेलं डोकं थांबवायला हे नाहीच, महिन्यातले दुखायचे दिवस कमी करायला आहे. म्हणून डायरी ठेवाच, नाहीतर 20 दिवसांचे 12 झाले तरी कळत नाही (आणि आपल्या नागपुरातल्या मे महिन्याची तुलना डिसेंबरशी करू नका, त्या उन्हात कोणाचंही डोकं उठतं).

पेनकिलर पण मोजा प्लीज! महिन्यात 10-15 दिवस गोळी व्हायला लागली की गोळीमुळेच डोकं दुखत राहतं.

दोन-तीन राउंडनंतरही काही नाही झालं तर डॉक्टरांना सीजीआरपीवाल्या (म्हणजे मायग्रेनमध्ये हात असलेलं शरीरातलं सीजीआरपी नावाचं प्रथिन अडवणाऱ्या) इंजेक्शनांचं विचारा, ती खास मायग्रेनसाठीच बनवलेली आहेत, पोटावर किंवा मांडीत कातडीखाली, साधारण महिन्यातून एकदा. त्यातलं एरेनुमॅब सुचवलं तर आईला बीपी किंवा बद्धकोष्ठतेचा त्रास असेल ते आधीच सांगा.