रशियन रिव्हरमध्ये कयाकिंग आणि वायनरीची भेट: द्राक्ष बागायतदार वडिलांसाठी एका दिवसाचा बेत कसा आखावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. माझे आईवडील निफाड तालुक्यातून सध्या आमच्याकडे आलेले आहेत आणि सप्टेंबरअखेर परत जाणार आहेत, कारण ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी (फळ धरण्यासाठी केलेली वेलींची छाटणी) सुरू झाली की वडिलांना बागेपासून दूर राहणे जमत नाही. त्याआधी एका शनिवारी त्यांना सोनोमा काउंटीतील हिल्ड्सबर्गला न्यावे, सकाळी रशियन रिव्हरमध्ये मार्गदर्शकाबरोबर कयाकिंग (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीतून फेरी) करावे आणि दुपारी जवळच्या वायनरीत टेस्टिंगला, म्हणजे वाइनची चव घ्यायला, जावे, असे मनात आहे. ज्यांनी वयस्कर पालकांना घेऊन अशी सहल केली आहे, त्यांचे मार्गदर्शन हवे आहे.

वडील स्वतः वाइन घेत नाहीत, मग वायनरी कशासाठी, हे सांगणे आवश्यक आहे. त्यांनी 2006 साली दोन एकर थॉमसन ही खाण्याची द्राक्षे काढून तेथे एका कंपनीशी करार करून शिराझ ही वाइनची द्राक्षे लावली होती. पुढे नाशिक भागात वाइनच्या द्राक्षांना उठाव राहिला नाही, कंपनीने माल उचलला नाही आणि 2010 मध्ये त्यांना त्या वेली मुळासकट काढाव्या लागल्या. आपल्या द्राक्षांचे पुढे काय होते, हे त्यांनी कधीच पाहिले नाही. परवा मी सोनोमात काढलेला एका घडाचा फोटो त्यांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि विचारले, "विरळणी नाही, डिपिंग नाही, मणी एवढे बारीक कसे ठेवले?" (खाण्याच्या द्राक्षांचे मणी मोठे व्हावेत म्हणून घड विरळ करतात आणि संजीवकाच्या द्रावणात बुडवतात.) लाल वाइनचा रंग आणि बरीचशी चव सालीत असते, त्यामुळे बारीक मणीच चांगला मानतात, असे मी सांगितले. त्यावर ते एवढेच म्हणाले, "माझ्या शिराझचा मणी असाच होता." तेव्हापासून हा दिवस नीट घडवून आणायचा, असे मी ठरवले आहे.

आता नदीविषयी. उन्हाळ्यात येथील पाणी संथ असते आणि ते मुख्यतः लेक मेंडोसिनो व लेक सोनोमा या दोन धरणांतून सोडलेले असते, एवढी माहिती मी काढली आहे. हिल्ड्सबर्गच्या खाली ड्राय क्रीक येऊन मिळते; ती लेक सोनोमाचे थंड पाणी घेऊन येते. त्यातच समुद्रावरून येणारे धुके सकाळी खोऱ्यात साचून राहते. पिनो न्वार या पातळ सालीच्या द्राक्षाला ते मानवते, पण 67 वर्षांच्या, पोहता न येणाऱ्या माणसाला सकाळी नऊ वाजता ओल्या कपड्यांत ते कितपत सोसेल? दहा-साडेदहानंतर निघणारी फेरी घ्यावी का? हिल्ड्सबर्गपासून वोलर पुलापर्यंतचा टप्पा आमच्यासाठी लांब वाटतो. फॉरेस्टव्हिलजवळच्या स्टीलहेड बीचवरून निघणारा छोटा टप्पा बरा पडेल का? वडिलांचा उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही. त्यामुळे दोघांच्या कयाकमध्ये पुढे बसताना पाय लांब ठेवता येतात का आणि काठावर उतरताना पाण्यात किती खोल पाय टाकावा लागतो, हे कोणी प्रत्यक्ष पाहिले असेल तर अवश्य लिहावे. पाण्यात पडलेल्या झाडांच्या फांद्यांत कयाक अडकू शकते, असे वाचल्यापासून मला तीच काळजी अधिक आहे. मार्गदर्शक इंग्रजीत सूचना देणार. त्या वडिलांना मराठीत समजावून सांगण्याइतका वेळ ते देतात का?

एका सहल कंपनीने मला पाठवलेल्या कार्यक्रमात अकरा वाजता दोन ठिकाणी टेस्टिंग आणि त्यानंतर नदी असा क्रम होता. मी हरकत घेतली तेव्हा "घोट लहानच असतात" असे उत्तर मिळाले. मला हा क्रम साफ चुकीचा वाटतो. नशेत होडी चालवणे येथे गुन्हा आहेच, पण कायदा बाजूला ठेवला तरी वल्हे हातात घेणाऱ्याने आधी पिऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी ती नोंदणी रद्द केली. नदी आधी घेणाऱ्या आणि पाण्यावर लाइफ जॅकेट कोणालाही काढू न देणाऱ्या मार्गदर्शकाची आपणास माहिती असल्यास कृपया कळवावे.

टेस्टिंग फक्त पत्नी करणार आहे, कारण परतीची गाडी मला चालवायची आहे. न पिणाऱ्या तिघांनाही पूर्ण शुल्क पडते का? आणि आईसाठी शाकाहारी जेवण बरोबर नेले तर वायनरीच्या आवारात बसून खाऊ देतात का?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न शेवटी विचारतो. सप्टेंबरमध्ये तेथे काढणी चालू असते आणि द्राक्षे गार असावीत म्हणून बरीचशी रात्री किंवा पहाटेच खुडतात. आलेले घड निवडून यंत्रात घालण्याचे काम पाहुण्यांना जवळून पाहू देणारी एखादी लहान, घरगुती वायनरी कोणास ठाऊक आहे का? तशी सोय असेल तर आम्ही आधी तेथे जाऊ, धुके विरल्यावर नदीत उतरू आणि टेस्टिंग अगदी शेवटी ठेवू. त्यासाठी घरून पहाटे चारला निघावे लागले तरी चालेल. वडील बागेत जायला रोज त्याच वेळी उठतात.