चालू प्रोसेसवर नजर ठेवायला मोफत टूल सुचवा (विंडोज + लिनक्स)

अर्धविराम

नमस्कार मंडळी. टास्क मॅनेजरपेक्षा जास्त दाखवणारं, पण फुकट आणि जाहिराती नसलेलं टूल हवं आहे. शक्यतो इन्स्टॉल न करता चालणारं. मशीन दोन आहेत.

१) विंडोज ११, ८ लॉजिकल प्रोसेसर, ८ जीबी रॅम. एक प्रोग्रॅम काही काम नसताना सीपीयू १२-१३ टक्क्यांवर धरून बसतो. एक फाइल डिलीट करताना "दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी आहे" असं येतं, कोणत्या ते कळत नाही. एक अपडेटर बंद केला की थोड्या वेळात परत हजर.

२) लिनक्स सर्व्हर, २ जीबी रॅम, फक्त टर्मिनल. एक सर्व्हिस (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) रात्री कधीतरी मरते. सकाळी एचटॉप (टर्मिनलमधला टास्क मॅनेजर) उघडावं तर सगळं आलबेल.

चौकट

विंडोजसाठी दोनच नावं पुरेत: प्रोसेस एक्सप्लोरर आणि सिस्टिम इन्फॉर्मर.

प्रोसेस एक्सप्लोरर हे मार्क रसिनोविच यांच्या सिसइंटरनल्स संचातलं. २००६ पासून तो संच मायक्रोसॉफ्टकडे आहे. मोफत आहे, पण ओपन सोर्स नाही. झिप उघडा आणि चालवा, इन्स्टॉलची भानगड नाही. मात्र अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, नाहीतर दुसऱ्या युजरच्या आणि सिस्टिमच्या प्रोसेसचे अर्धे रकाने रिकामे दिसतील आणि टूल कुचकामी आहे असं वाटेल.

सिस्टिम इन्फॉर्मर म्हणजे पूर्वीचं प्रोसेस हॅकर. हे ओपन सोर्स आहे. नेटवर्क आणि डिस्कचे टॅब आतच असल्यामुळे कोणती प्रोसेस कुठे जोडली गेली आहे हे एकाच खिडकीत दिसतं. अडचण एक: जुन्या प्रोसेस हॅकरच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, चालणाऱ्या ड्रायव्हरचा गैरवापर झालेला असल्याने काही अँटीव्हायरस आणि गेममधल्या फसवणूक रोखणाऱ्या यंत्रणा त्याला अडवतात. ऑफिसच्या मशीनवर आधी परवानगी घ्या.

आता तुमचे १२-१३ टक्के. १०० भागिले ८ म्हणजे १२.५. विंडोजमध्ये सगळे प्रोसेसर मिळून १०० टक्के धरतात, त्यामुळे हा आकडा किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात बहुतेक करून एकच थ्रेड (प्रोसेसमधला कामाचा एक धागा) एक अख्खा प्रोसेसर खात गोल गोल फिरतो आहे. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये त्या प्रोसेसवर डबल क्लिक करा, थ्रेड्स टॅबमध्ये जा आणि सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करून उतरत्या क्रमाने लावा. वरच्या थ्रेडचा स्टार्ट अ‍ॅड्रेस बघा. उद्गारचिन्हाच्या आधी जे मॉड्यूलचं नाव येतं ते महत्त्वाचं, कारण दोष मूळ प्रोग्रॅममध्ये आहे, त्याच्या प्लगइनमध्ये आहे की बाहेरून घुसलेल्या एखाद्या डीएलएलमध्ये (प्रोग्रॅममध्ये जोडली जाणारी कोडची फाइल), हे तिथेच कळतं. उद्गारचिन्हानंतरच्या फंक्शनच्या नावावर लगेच भरवसा ठेवू नका. सिम्बॉल्स (फंक्शनची खरी नावं सांगणाऱ्या फाइली) सेट केलेले नसतील तर टूल जवळात जवळचं माहीत असलेलं नाव दाखवतं. नावापुढे अधिक चिन्ह आणि भलामोठा आकडा दिसला की ते नाव चुकीचं समजा.

बायनरी

चौकट यांच्याशी सहमत. अडकलेल्या फाइलबद्दल थोडं सविस्तर, कारण नुकसान बहुतेक इथेच होतं.

प्रोसेस एक्सप्लोररमध्ये कंट्रोल+एफ दाबा, फाइलच्या नावाचा तुकडा टाका. ती फाइल कोणी धरून ठेवली आहे त्या प्रोसेसची यादी येईल. एवढ्यासाठी वेगळं टूल नकोच असेल तर विंडोजमधलाच रिसोर्स मॉनिटर आहे: सीपीयू टॅब, असोसिएटेड हँडल्स, शेजारच्या चौकोनात नाव टाका. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉईज या मोफत संचातला फाइल लॉकस्मिथ राइट क्लिकवरच हेच काम करतो, आणि तो ओपन सोर्स आहे.

यादीतल्या ओळीवर क्लिक केलं की खालच्या भागात ते हँडल निवडलं जातं आणि राइट क्लिकला "क्लोज हँडल" दिसतं. ते वापरू नका. हँडल म्हणजे प्रोसेसच्या दृष्टीने उघडलेल्या फाइलचा नुसता एक क्रमांक. तुम्ही तो बाहेरून बंद केला तरी प्रोग्रॅमला पत्ता लागत नाही. पुढच्या क्षणी प्रोग्रॅमने दुसरी फाइल उघडली तर विंडोज तोच क्रमांक तिला देऊ शकतं, आणि पहिल्या फाइलसाठीचा मजकूर दुसरीत लिहिला जातो. डेटाबेस किंवा मेलची फाइल अशी खराब झाली तर कारण शोधायला दिवस जातात. प्रोग्रॅमच नीट बंद करा.

धरून ठेवणाऱ्याच्या जागी "सिस्टिम" दिसलं तर ती फाइल बऱ्याचदा नेटवर्कवरून कोणीतरी उघडलेली असते. कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्सखाली ओपन फाइल्स बघा.

चौकट

परत येणाऱ्या अपडेटरचं राहिलंच.

प्रोसेस एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये डिफरन्स हायलाइट ड्युरेशन १ सेकंदावरून ५ करा. नवी प्रोसेस हिरवी, संपणारी लाल दिसते; १ सेकंदात नजर चुकते. अपडेटर हिरवा उगवला की प्रोसेसच्या झाडात त्याचा पालक, म्हणजे त्याला सुरू करणारी प्रोसेस, बघा:

- पालक सर्व्हिसेस असेल तर अपडेटर स्वतःच एक सर्व्हिस आहे. तिच्या प्रॉपर्टीजमधल्या रिकव्हरी टॅबवर "रीस्टार्ट द सर्व्हिस" लावलेलं असण्याची दाट शक्यता.
- पालक एसव्हीसीहोस्ट (आत सर्व्हिस चालवणारी विंडोजची प्रोसेस) असेल तर त्यावर माउस नेऊन आतल्या सर्व्हिसची नावं वाचा. टास्क शेड्युलर दिसला तर हे ठरावीक वेळेचं काम आहे.
- पालक नाहीच आणि प्रोसेस झाडात डाव्या कडेला चिकटलेली असेल, तर सुरू करणारा काम उरकून निघून गेला आहे.

पुढचं काम ऑटोरन्सचं (आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची यादी दाखवणारं टूल), तेही सिसइंटरनल्स संचातलं. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवा, मग अपडेटरच्या नोंदीची खूण काढा. डिलीट करू नका. खूण परत लावता येते.

दोन प्रोसेस एकमेकींना जिवंत करत असतील तर एकीला मारून उपयोग नाही. दोघींना आधी सस्पेंड करा, मग एकेक संपवा. थांबलेली प्रोसेस जोडीदाराला उठवू शकत नाही.

टर्मिनलवासी

लिनक्सच्या प्रश्नाचं उत्तर ॲटॉप. एचटॉप मला मनापासून आवडतं, पण ते फक्त आत्ताचं दाखवतं. बीटॉप आणि ग्लान्सेस ही तशीच टूल दिसायला छान, पण उघडले नसतील तेव्हाचं त्यांनाही दाखवता येत नाही. ॲटॉपची सर्व्हिस मागे बसून नोंद करत राहते. मूळ अंतर ६०० सेकंदांचं असतं, आणि १० मिनिटांत २ जीबी रॅम भरून पुन्हा रिकामीही होऊ शकते. ते ६० करा. नोंदींच्या फाइली त्या प्रमाणात वाढतील, तेव्हा किती दिवसांच्या ठेवायच्या तेही कमी करा.

सकाळी त्या रात्रीच्या नोंदींची फाइल ॲटॉपच्या वाचण्याच्या पर्यायाने उघडा. "बी" दाबून वेळ टाका, मग लहान "टी"ने पुढे, मोठ्या "टी"ने मागे. "एम" दाबलं की मेमरीचे रकाने येतात.

त्याआधी कर्नलचा लॉग बघा. "आउट ऑफ मेमरी" आणि "किल्ड प्रोसेस" अशी ओळ सापडली तर ती सर्व्हिस ओओएम किलरने (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) मारली आहे. मारली गेलेली प्रोसेस हीच गुन्हेगार असेल असं नाही. कर्नल साधारणपणे सगळ्यात जास्त मेमरी व्यापणारी निवडतो. गळती (मेमरी घेऊन परत न करणं) भलत्याच, रात्री चालणाऱ्या बॅकअपमध्ये असू शकते. म्हणून ॲटॉपमध्ये त्या मिनिटाच्या आधीची १५-२० मिनिटं कोणाचा आरसाइझ (प्रत्यक्ष व्यापलेली रॅम) वाढतोय ते बघा.

अर्धविराम

धन्यवाद, थ्रेड्स टॅबवर लगेच बघतो. दोन शंका. लिनक्सवर एक प्रोसेस ९ नंबरचा (सक्तीने मारण्याचा) सिग्नल देऊनही मरत नाही, असं का? आणि रॅम साफ करणारी टूल टाकावीत का?

टर्मिनलवासी

एचटॉपमध्ये तिच्या "एस" रकान्यातलं अक्षर बघा. "झेड" असेल तर ती आधीच मेलेली आहे, फक्त पालकाने तिचा निकाल वाचलेला नाही. पालक रीस्टार्ट करा. "डी" असेल तर ती बहुधा डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमची वाट बघते आहे, आणि ती वाट संपेपर्यंत सिग्नल पोचतच नाही. तेव्हा डिस्क किंवा माउंट तपासा. लिनक्सवर लोड अ‍ॅव्हरेजमध्ये "डी"वाल्याही मोजतात, म्हणून लोड ६ आणि सीपीयू रिकामा असं चित्र दिसतं.

एरवी एफ९ दाबल्यावर १५ नंबर (नीट बंद हो असं सांगणारा सिग्नल) आपोआप निवडलेला असतो, तोच द्या. दहाएक सेकंद थांबा. ९ दिला की फाइल बंद करायची, लॉक काढायची संधीच मिळत नाही.

बायनरी

रॅम साफ करणारी टूल नकोत. ती प्रोसेसची पानं (मेमरीचे छोटे तुकडे) वर्किंग सेटमधून, म्हणजे रॅममधल्या तिच्या भागातून, बाहेर ढकलतात. आकडा खाली येतो, मग प्रोग्रॅम तीच पानं परत मागतो आणि मशीन अडखळतं. गळती शोधायची तर टास्क मॅनेजरच्या डीटेल्स टॅबवर "कमिट साइज" (प्रोसेसने राखून घेतलेली मेमरी) हा रकाना लावा. नेहमीचा मेमरीचा रकाना कमी होतो तेव्हाही गळती चालूच असू शकते.

टर्मिनलवासी

कारण सापडेपर्यंत सर्व्हिसला मर्यादा घाला. सिस्टिमडी ही लिनक्सवर सर्व्हिस चालवणारी यंत्रणा; तिच्या युनिटमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या सेटिंगच्या फाइलमध्ये, मेमरीहाय १२०० एम आणि मेमरीमॅक्स १४०० एम. पहिल्या मर्यादेला कर्नल तिचा वेग ओढून धरतो. दुसरी ओलांडली तर फक्त त्याच गटातली प्रोसेस मरते, बाकी सर्व्हर शाबूत. रीस्टार्ट "ऑन-फेल्युअर" ठेवा आणि रीस्टार्टसेक ५ करा. मूळ किंमत १०० मिलिसेकंद आहे, त्यामुळे सुरू होताच पडणारी सर्व्हिस १० सेकंदांत ५ वेळा उठून मूळ मर्यादा गाठते, आणि मग सिस्टिमडी तिला उठवणंच सोडून देतो. युनिट बदलल्यावर डीमन-रीलोड करायला विसरू नका, नाहीतर जुनेच आकडे लागू राहतील.