सलीबा-गॅब्रिएल ही सेंटरबॅक (मधल्या डिफेंडर) जोडी असताना इंग्लंडच्या आर्सेनल क्लबनं आणखी डिफेंडर कशाला घेतले?

पेठेतला गूनर: भावांनो, २०२५ च्या उन्हाळ्यात अटॅकला योकेरेस, एझे घेतले ते समजलं, पण व्हॅलेन्सियाचा मोस्केरा आणि वर लेव्हरकुसेनहून लोनवर हिंकापिए? २०२४-२५ ला प्रीमियर लीगमध्ये सगळ्यात कमी, ३४च गोल खाल्लेत की.

रंकाळा एफसी: आकडा बघू नको. एप्रिलमध्ये गॅब्रिएल हॅमस्ट्रिंगनं गेला आणि चॅम्पियन्स लीग सेमीला पॅरिससमोर (पीएसजी) बेंचवरच्या किविओरला उतरवावं लागलं, तो किविओर पण नंतर पोर्तोला गेला, मग बेंचवर कोण? हिंकापिए लेफ्टबॅक पण खेळतोय, एका पगारात दोन कामं.

ऑफसाइड: आणि कोच आर्टेटाची सिस्टीम बघ की. बॉल नसला की ४-४-२ (चार डिफेंडर, चार मिडफिल्डर, दोन पुढं), मिडफिल्डर ओडेगार्ड स्ट्रायकरसंगं प्रेस करायला वर जातोय, मागची लाईन हाफलाईनपर्यंत चढतीय, म्हणजे पाठीमागं सगळं रान मोकळं. तिथं पळणारा सेंटरबॅकच पाहिजे, नुसता उंच असून काय करायचंय.

पेठेतला गूनर: हां, हे पटलं. मोस्केरा पळतोय जबरी.

रंकाळा एफसी: आपल्याकडं कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर बाहेरचा प्लेयर आणायचा म्हटलं की सगळ्यांना स्ट्रायकरच पाहिजे असतोय, स्टॉपरचं (सेंटरबॅकचं) नाव काढलं की तोंडं वाकडी 😂