अराज्यवाद म्हणजे बेबंदशाही? बार्सिलोनाकडे पाहून बोलू या

अनवट (धाग्याची सुरुवात)
अराज्यवाद (अनार्किझम, म्हणजे राज्यसत्ताच नको म्हणणारा विचार) म्हटलं की लोकांना बाँबच आठवतो. त्याला कारणही आहे. १८९४ साली फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो, १९०० साली इटलीचा राजा उंबेर्तो, १९०१ साली अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांचे खून झाले आणि तिन्ही मारेकरी स्वतःला अराज्यवादी म्हणवत. पण या मूठभरांवरून लाखो कामगारांच्या चळवळीचा निकाल लावणं मला मान्य नाही.

या विचाराचा विरोध वरून लादलेल्या सत्तेला आहे, नियमांना नाही. नियम ज्यांनी पाळायचे त्यांनीच बसून ठरवावेत. प्रतिनिधी असावेत, पण हवे तेव्हा परत बोलावता येतील असे.

स्पेनमधली सीएनटी ही अराज्यवादी कामगार संघटना १९१० साली बार्सिलोनात स्थापन झाली. १९१९ मध्ये तिथल्या वीज कंपनीत तिने ४४ दिवस संप चालवला, शहर अंधारात गेलं, आणि आठ तासांच्या कामाचा हुकूम सरकारला काढावा लागला. जुलै १९३६ मध्ये लष्कराने स्पेनच्या प्रजासत्ताक सरकारविरुद्ध बंड केलं आणि यादवी युद्ध पेटलं; बार्सिलोनात ते बंड मोडलं गेलं, कारखानदार पळाले. मग ट्रॅम कामगारांनीच चालवायला घेतल्या. लढाईत मोडतोड झालेली असूनही काही दिवसांत गाड्या रुळांवर आल्या, सीएनटीच्या लाल-काळ्या रंगात. दुरुस्ती, वेळापत्रक, पगार, सगळं कामगारांच्या समित्या बघत होत्या. एवढी शिस्त असलेल्या लोकांना बेबंद कसं म्हणायचं?

मुळशीकर
ट्रॅम दाखवलीत, जळालेली चर्चही दाखवा. त्या युद्धात प्रजासत्ताकाच्या ताब्यातल्या भागात सहा हजारांहून जास्त पाद्री, साधू नि जोगिणी मारल्या गेल्या. सगळे खून सीएनटीने केले असं मी म्हणत नाही, पण तिची माणसं त्यात होती. ना खटला, ना वकील, ना अपील. पोलीस हटले आणि बंदूक ज्याच्या हातात तोच न्यायाधीश झाला. तुमच्या तत्त्वज्ञानाकडे याला काय उत्तर आहे?

आणि नोव्हेंबर १९३६ मध्ये सीएनटीचे चार जण थेट प्रजासत्ताकाच्या सरकारात मंत्री झाले, त्यात एकाकडे न्याय खातं! राज्यच नको म्हणणाऱ्यांना चार महिन्यांत मंत्रिमंडळात जावं लागलं, कारण युद्धाला पैसा, शस्त्रं आणि एकसूत्री हुकूम लागतो. यात त्यांचा अप्रामाणिकपणा नव्हता, विचारच तिथे तोकडा पडला.

अनवट
त्या खुनांचं समर्थन मी करणार नाही. सीएनटीतल्याच जुआन पेइरो यांनी तेव्हाच, मातारो गावच्या वर्तमानपत्रातून, या खुनांविरुद्ध कडक लिहिलं होतं. पुढे तेही मंत्री झाले आणि १९४२ मध्ये फ्रँकोने, म्हणजे बंडवाल्यांच्या सेनापतीने आणि युद्ध जिंकून झालेल्या हुकूमशहाने, त्यांना गोळ्या घालून मारलं. फ्रँकोकडे तर सैन्य, पोलीस, न्यायालयं सगळं होतं, तरी त्याच्या बाजूने मारलेल्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. तेव्हा राज्य असलं की कत्तल टळते, हे काही मला पटत नाही.

मंत्रिपदं घेणं मात्र घोडचूक होती. मे १९३७ मध्ये सीएनटीच्या ताब्यातल्या बार्सिलोनाच्या टेलिफोन एक्सचेंजवर प्रजासत्ताकाचेच सरकारी पोलीस चाल करून आले, ऑगस्टमध्ये आरागोन प्रांतातली अराज्यवाद्यांची परिषद बरखास्त करून सामुदायिक शेतीवर सैन्य घातलं. मंत्रिपदांनी काय वाचवलं?

शाई
मला स्पेनपेक्षा आपल्या गावाची काळजी आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी खेडं म्हणजे अज्ञान, संकुचितपणा आणि जातीयतेचं आगर असल्याचं सुनावलं होतं. वरात अडवली, पाणी तोडलं, बहिष्कार घातला, तर माणसाने जायचं कुठे? गावाबाहेरचा कायदाच लागतो. पोलीस तक्रार घ्यायला टाळाटाळ करतात हे खरं, पण कायदा आहे म्हणून भांडता तरी येतं. "सगळे बसून ठरवू" म्हणता, त्या बैठकीत सतरंजीवर कोण बसतं आणि कडेला कोण उभं राहतं, ते आधी सांगा.

अनवट
या धाग्यावरचा सगळ्यात कठीण प्रश्न हाच आहे. स्पेनमध्येही बायकांना तो पडला होता. चळवळीतले पुरुष समतेवर भाषणं देत आणि घरी हुकूम सोडत, म्हणून १९३६ मध्ये अराज्यवादी स्त्रियांनी 'मुहेरेस लिब्रेस' ही स्वतंत्र संघटना काढली. मालक गेला की उतरंड आपोआप जात नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

पण महाड बघा. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली झाला. तो कागदावर राहिला. चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत आलं ते २० मार्च १९२७ रोजी, लोक स्वतः चालत गेले तेव्हा. आणि डिसेंबरच्या सत्याग्रहाच्या आड आला तो न्यायालयाचा मनाई हुकूम.

रानवाट
गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) कुणी आठवत नाही का? 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात, बहुमताने रेटून नाही. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हे चालतंय, आणि आपल्याच राज्यात चालतंय.

मुळशीकर
तो हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने मिळाला. संसदेने केलेल्या.

रानवाट
आणि तो कायदा आदिवासींनी वर्षानुवर्षं मोर्चे काढले म्हणून झाला.

शाई
मेंढ्याबद्दल मला आदर आहे. पण ते जवळजवळ सगळं गोंड वस्तीचं गाव आहे, तिथली सहमती पाच जातींच्या गावात कशी आणणार? आणि अनवट, महाडची गोष्ट तुम्ही १९२७ वर थांबवलीत. दहा वर्षं खटला चालला, आणि तळ्यावरचा आपला हक्क १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात शाबित झाला. गावाने तो आपणहून कधीच दिला नसता.